आक्काच्या स्वयंपाकघरातली वाट

४ ऑक्टोबर

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. पन्नाशीला टेकलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला टिल्लू म्हणू नये असं सौ. म्हणेल. तिला सांग, हे नाव तिच्या आधीपासूनचं आहे.

भिंत पूर्ण झाली. माळावरून येते ती आपल्या ओळीच्या एका टोकाला टेकते, आणि दुसऱ्या टोकापासून पुढे दवाखान्याच्या मागे जाते. मधे भिंत नाही, कारण मधे आपली घरंच आहेत. पुढचं दार वरच्या रस्त्यावर, स्वयंपाकघराचं दार खालच्या गल्लीत. खाणकंपनीचा माणूस घरोघर सांगून गेला की मागच्या दारांना आतून कुलूप घालायचं. खालच्या वस्तीतल्यांनी आता फाटकातूनच यायचं, तेही पास असेल तर, आणि पास कामाला येणाऱ्यांनाच. दिवेलागणीला फाटक बंद. बाकीच्यांसाठी खाणीचा रस्ता, जिथे ट्रक अंगाला घासून जातात. कारण चोऱ्यांचं दिलंय. पण उन्हाळ्यात खाणीत दरड कोसळून वस्तीतला माणूस गेला आणि वस्तीनं काम बंद ठेवलं, त्यानंतर ही भिंत आली, हे लहान पोरही सांगेल.

मीही कुलूप आणलं होतं. शिवणाच्या मशीनवर ठेवलं होतं. परवा संध्याकाळी मागच्या दारावर थाप पडली. आपली इस्त्रीवाली आणि तिची सून. सून पोट धरून उंबऱ्यावर वाकलेली. फाटकावरच्या शिपायानं वेळ संपली म्हणून सांगितलं होतं. दवाखाना आपल्या पुढच्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे, तुला माहीत आहे. इस्त्रीवाली काही मागत नव्हती, नुसती बघत होती. मला नाही म्हणायची भीती वाटली रे, एवढंच. मी बाजूला झाले. त्या दोघी चुलीसमोरून, माजघरातून, माझ्या मशीनला वळसा घालून पुढच्या दारानं बाहेर पडल्या. दवाखान्यातल्या नर्सनं कुरकुर केली, पण उंबऱ्याच्या आत आलेल्या बाईला परत कसं पाठवणार?

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मी मात्र त्या दिवसापासून कोणी पुढचं दार वाजवलं की आधी खिडकीच्या फटीतून बघते.

सौ.स व मनीला आशीर्वाद. मनीच्या परीक्षेचं कळव. पत्राची वाट बघते, आळस करू नकोस.

तुझी,
आक्का


११ ऑक्टोबर

ती. भित्र्या आक्कास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून सौ. हसली आणि मी घाबरलो. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी तू, तुला हे कोणी सांगितलं होतं? मनी म्हणते, आत्यानं बाळाचं नाव काय ठेवलं ते विचारा. मी तिला दटावलं.

आक्का, झालं ते चांगलं झालं. अडल्या बाईला तू वाट दिलीस, बाबा असते तर त्यांनीही दिली असती. पण आता ते कुलूप मशीनवरून उचल आणि दाराला लाव. घर आपल्या दोघांच्या नावावर आहे. मी इथे कंपनीच्याच गोदामात भांडारपाल आहे, राहतो कंपनीच्या खोल्यांत, आणि मनीची शाळाही कंपनीची. इथले लोक तोंडावर गोड असतात. गेल्या महिन्यात एका टायपिस्टनं जेवणाच्या सुट्टीत त्या दरडीबद्दल काहीतरी म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर दुसराच माणूस. कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

तुझ्या डोळ्यांत घालायचे थेंब संपले असतील, ते पाठवतो आहे. रात्री शिवत बसू नकोस.

सौ. व मनीचा नमस्कार. लोभ आहे तो असाच राहू दे, आणि दार बंद राहू दे.

तुझा,
टिल्लू


२९ ऑक्टोबर

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. थेंब मिळाले. दार बंद झालं नाही.

रागावू नकोस, आधी ऐक. बाळ घरी न्यायचं होतं, म्हणून इस्त्रीवाली पुन्हा आली. मग बाळाला बघायला जाणारी आजी. मग पायात खिळा घुसलेला एक गवंडी. मग ज्यांना काहीच झालेलं नव्हतं, नुसती बस गाठायची होती, असे. एकाला हो म्हटल्यावर दुसऱ्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणू? आता सकाळी माझ्या स्वयंपाकघरातून रांग जाते. मी नियम घातलेत. पाय पुसायचे, माजघरात बोलायचं नाही, शिवायला आलेल्या कपड्यांना हात लावायचा नाही. एक कोळसेवाला भिंतीला अंग लागू नये म्हणून इतका आखडून चालतो की मला हसू येतं. गळक्या नळाला कोणीतरी जाताजाता नवा वायसर घालून गेलं, कोण ते अजून कळलं नाही. इतकी वर्षं या बायका माझ्या दारावरून गेल्या, पण त्यांच्याशी मी कपड्यांखेरीज काही बोलले नव्हते. याची आता लाज वाटते.

ओळीतल्या लोकांनी बोलणं टाकलंय. शेजारच्या फोरमनीणबाईंनी बेतायला दिलेलं कापड परत मागवलं, तेही मोलकरणीकडून, आणि ती मोलकरीण माझ्याच घरातून आली, हे त्यांना ठाऊक नसावं. पुढच्या दारावर कोणीतरी डांबर फासलं. घासून काढलं, पण वास जात नाही.

आता जे सांगायला पत्र लिहायला बसले ते. काल सुरक्षेचे साहेब आले होते. मी समजले, आता आरडाओरडा होणार. पण त्यांचा आवाज अगदी मऊ. चहा घेतला. कोट काढून माझ्याकडे दिला आणि म्हणाले की बटण लोंबतंय, तेवढं लावून द्याल का. मी लावत बसले आणि ते नुसत्या शर्टात बसून घर बघत राहिले. मागचं दार त्या वेळी उघडंच होतं. त्याबद्दल अक्षर काढलं नाही. तुझी चौकशी केली. गोदामातला तुझा कारभार चोख आहे म्हणाले. मग म्हणाले की तुमची भाची गणितात हुशार आहे, अशा मुलीची शाळा मधेच सुटणं बरं नाही. टिल्लू, मी मनीचं नावही काढलं नव्हतं. सुई बोटात गेली. रक्त कोटाला लागू नये म्हणून मी बोट तोंडात धरलं, आणि ते हसून म्हणाले की सावकाश करा, घाई नाही.

गेल्यावर मी दोन्ही दारं लावून माजघरात जमिनीवर बसले. उठवेना. पण थोड्या वेळानं मागून थाप पडली आणि मी उठले. का उठले, मला सांगता येणार नाही.

तुझ्यावर काही आलं तर मला लगेच कळव. लपवू नकोस. सौ.स आणि मनीला आशीर्वाद. आठवण असू दे.

तुझी,
आक्का


८ नोव्हेंबर

तीर्थरूप ताईसाहेबांस,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. आम्ही सर्व येथे कुशल आहोत. कंपनी आमची सर्वतोपरी काळजी घेते.

आपल्या राहत्या घराच्या मागील दारातून अनधिकृत इसमांची ये-जा होते असे समजले. घराचा सहमालक या नात्याने या प्रकारास माझी संमती नाही. वसाहतीच्या सुरक्षिततेचा विचार करून आपण सदर दार तत्काळ व कायमचे बंद करावे. आपणांस काही समाजकंटकांनी भरीस घातले असल्यास त्यांची नावे सुरक्षा कचेरीत कळवावीत. त्यात आपलेच हित आहे.

लोभाची वृद्धी व्हावी, ही विनंती.

आपला आज्ञाधारक बंधू


९ नोव्हेंबर

ती. वन्संस,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र मी माझ्या आईच्या गावी जाणाऱ्या ओळखीच्या बाईबरोबर देते आहे, ती तिकडून टपालात टाकेल. तुम्हाला ह्यांचं कालचं पत्र आलं असेल, किंवा येईल. ते ह्यांनी लिहिलेलं आहे आणि नाहीही. मॅनेजरच्या खोलीत बसवून घेतलं होतं. एक जण सांगत होता, एक जण खांद्यावरून वाचत होता. "आज्ञाधारक" हा शब्द ह्यांनी लिहिला नाही म्हणून कागद फाडून पुन्हा लिहायला लावलं. घरी आले ते बूट न काढता खाटेवर बसले. जेवले नाहीत. मनीनं विचारलं तर म्हणाले, दात दुखतोय.

वन्सं, मी तुमच्याशी कधी वाकडं बोललेले नाही. माझ्या बाळंतपणात तुम्ही माझ्या आईपेक्षा जास्त केलंत. म्हणून हे मीच मागते, हे कधी मागणार नाहीत. दार बंद करा. महिनाअखेरीला खोल्या रिकाम्या करायच्या की नाही ते तुमच्या दारावर आहे, असं ह्यांना सरळ सांगितलंय. मनीच्या वर्गशिक्षिका तिला आता मागच्या बाकावर बसवतात. ती मला सांगत नाही, मला दुसरीकडून कळलं. जिन्यात कोणाची पावलं वाजली की मी दिवा मालवते. हे वागणं वेड्यासारखं आहे हे मला कळतं.

तुम्ही चुकताय असं मी म्हणत नाही. पण ती माणसं तुमची कोण, आणि आम्ही कोण? हे लिहिताना माझा हात थांबला होता, तरी लिहिलं.

उत्तर घरी पाठवू नका. मी ज्या वाचनालयात जाते तिथल्या बाईंच्या नावे पाठवा, पत्ता मागे लिहिलाय. राग मानू नये, माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
वहिनी


१५ नोव्हेंबर

चि. सौ. वहिनीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्यावर राग कसला? तू लिहिलंस ते प्रत्येक आईनं लिहिलं असतं. टिल्लूच्या पत्राची पहिलीच ओळ वाचून मला कळलं होतं की त्याच्या शेजारी कोणीतरी उभं आहे. जन्मात त्यानं मला ताईसाहेब म्हटलेलं नाही.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी दार बंद केलं. कुलूप लावलं आणि मशीन ढकलत नेऊन दाराला टेकवलं, म्हणजे माझंच मन फिरलं तर चटकन उघडता येऊ नये. सकाळी थापा पडल्या. मी कानांवर हात ठेवून बसले. मग इस्त्रीवालीनं बाहेरूनच लोकांना सांगितलेलं ऐकू आलं की बाईंवर काहीतरी आलं असणार, चला, खाणीच्या रस्त्यानं जाऊ. कोणी एक शब्द वाईट बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल दुपारी वस्तीतल्या लोकांनी एका म्हाताऱ्याला खुर्चीवर उचलून आणलं. खाणीत जन्म काढलेला माणूस, छातीत धूळ भरलेली. दवाखान्यात दर आठवड्याला नळी लावून श्वास द्यावा लागतो, तो माझ्याच घरातून जायचा. दार बंद झाल्याचं आणणाऱ्यांना माहीत नव्हतं. त्यांनी खुर्ची माझ्या दाराशी टेकवली, दम खायला. मी आत होते, मशीनच्या अलीकडे. त्याचा श्वास फटीतून ऐकू येत होता, लाकडावर कानस घासावी तसा. तो मधेमधे थांबून त्यांना सांगत होता की बाईंना हाक मारू नका, त्यांना त्रास होईल. खाणीच्या रस्त्यानं धुळीतून त्याला नेणं म्हणजे काय, ते त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

मी तुझा विचार केला, मनीचा केला, खरंच केला. मग माझ्या लक्षात आलं की मीही त्याच्याबरोबर श्वास अडवून उभी आहे, तो घेईल तेव्हा घेते आहे. त्यांनी खुर्ची उचलायला हात घातले तेव्हा मी मशीन ढकललं. कुलपाची किल्ली हातातून दोनदा पडली. दार उघडलं.

वहिनी, ते आता मला परत लावता येणार नाही. म्हणून तुला नीट सांगते, तसं करा. टिल्लूला सांग, त्यानं आपण होऊन मॅनेजरकडे जावं आणि लिहून द्यावं की ही बाई माझी कोणी नाही. घरातला वाटा सोडला म्हणून लिहावं. अर्धवट लिहू नये. शिवण उसवताना चार टाके मायेनं ठेवले तर कापड तिथेच फाटतं. ती हट्टी आहे, तिचं डोकं ठिकाणावर नाही, असंही लिहायला माझी ना नाही. त्याला म्हणावं, लहानपणी तू काच फोडून माझं नाव सांगायचास, तेव्हा कुठे मी मेले होते?

त्याला जमणार नाही. तू जमवून घे. मी भित्री आहे हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, आणि अजूनही आहे. पण माझ्या भीतीचं ओझं मनीच्या पाठीवर नको.

मनीला पोटाशी धर. तुझ्यावर जीव आहे, तो तुझ्या एका पत्रानं कमी होणारा नाही.

तुझी,
वन्सं


२४ नोव्हेंबर

प्रति,
व्यवस्थापक महोदय,
(प्रत : दुसऱ्या ओळीतील शेवटचे घर, येथील रहिवासी)

मी खाली सही करणार लिहून देतो की उपरोक्त घरात राहणाऱ्या बाईशी माझा कोणताही संबंध उरलेला नाही. सदर घरावरील माझा हक्क मी सोडला आहे. तिच्या वर्तनास मी वा माझे कुटुंब जबाबदार नाही. यापुढे तिच्याशी पत्रव्यवहार ठेवणार नाही.

कळावे.

सही
भांडारपाल


१२ डिसेंबर

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. वाचनालयातल्या बाईंच्या हातून हे पत्र वहिनीला मिळेल आणि तिच्याकडून तुला. वाचून झालं की चुलीत घाल.

तुझा कागद पोचला. मला टपालानं नाही. त्यांनी तो माझ्या पुढच्या दारावर चिकटवला, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल असा. मला आधीपासून ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं, तरी "कोणताही संबंध" या शब्दांपाशी येऊन मी चौकट धरली, हे तुझ्यापासून का लपवू? अक्षर तुझंच होतं. सहीतली शेपूट मात्र तू नेहमी वर काढतोस, ती या वेळी नव्हती. तुझा हात कसा चालला असेल ते मला कळलं. खोल्या राहिल्या आणि मनी पुन्हा पुढच्या बाकावर बसते, असं वहिनीनं चिठ्ठीत कळवलं. मला तेवढं पुरे आहे. तू स्वतःला खात बसू नकोस.

मी दाराशी उभी असताना फोरमनीणबाई बाहेर आल्या. महिनाभर आमची नजरानजर नव्हती. त्यांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला. त्यांचा भाऊही कंपनीतच, वजनकाट्यावर. मला वाटलं, आता माझ्या तोंडावर थुंकतील. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या भावानंही लिहून दिलं असतं." आणि घरात निघून गेल्या.

मागचं दार गेल्या आठवड्यात चिणलं. आधी वस्तीतल्या गवंड्यांना बोलावलं होतं. त्यांनी थापी खाली ठेवली आणि हात मागे बांधून उभे राहिले. त्यातल्या दोघांना गाडीत घालून नेलं. एक परत आला, तो बोलत नाही. दुसऱ्याचा पत्ता नाही. त्याची बायको रोज सुरक्षा कचेरीच्या पायरीवर जाऊन बसते, आणि मला तिच्यासमोर उभं राहण्याचं धैर्य होत नाही. मग बाहेरगावचे गवंडी आणले. मी उंबऱ्यात स्टूल टाकून बसले होते. साहेब त्याच मऊ आवाजात म्हणाले की तुम्ही बसलात तरी विटा येतीलच, फक्त तुम्ही आत राहता की बाहेर एवढाच प्रश्न आहे. मला खरंच वाटलं की हे मला चिणतील. मी उठले. टिल्लू, मी उठले. शूर वगैरे काही झाले नाही.

विटा लागल्यावर घरात अंधार झाला. स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लागतो. तीन-चार दिवस तिकडे शांत होतं. इतकं शांत की मला पुढच्या रस्त्यावरच्या सायकलची घंटासुद्धा दचकवायची. मग परवा सकाळी मी भांडी घासत होते तर शेजारच्या भिंतीतून, फोरमनीणबाईंच्या बाजूनं, कडी सरकल्याचा आवाज आला. मागून पावलं. आधी एकाची. मग पुष्कळांची.

मी नळ तसाच सोडून धावले. त्यांच्या पुढच्या दारातून आत गेले तर बाई स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभ्या, चेहरा पांढरा पडलेला, आणि समोरून तो म्हातारा खुर्चीवर चाललाय. मला बघून त्या चिडक्या आवाजात म्हणाल्या की एकटीला फार भीती वाटते हो, तुम्ही बसत जा इथे. फोरमन खाणीवर असतात. त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगतील तेव्हा काय होईल, याचा विचार आम्ही दोघी सारखा करतो आणि तो अर्ध्यावर सोडतो.

म्हणून आता मी माझं मशीन उचलून त्यांच्या स्वयंपाकघरात आणलंय. एक जण दाराशी, एक जण पुढच्या खिडकीशी, मग अदलाबदल. ओळीच्या दुसऱ्या टोकाला परित्यक्ता मास्तरीण राहते, तिनं काल येऊन विचारलं की तुमच्या दाराचं काही झालं तर माझं चालेल का. विचारताना तीही सारखी मागे वळून रस्त्याकडे बघत होती. आमचं सगळ्यांचं असंच आहे.

हे पत्र मी तिथेच बसून लिहिते आहे. मघापासून साहेबांची गाडी पुढच्या रस्त्यावर आमच्या दोन दारांच्या मधे येऊन उभी आहे. इंजिन बंद केलंय. कोणी उतरत नाही. बाई खिडकीच्या पडद्याआडून बघतायत आणि मला हातानं खुणावतायत की अजून आहे, अजून आहे. शाईवर डाग पडलाय तो माझ्या घामाचा आहे, रडले असं समजू नकोस.

तू मला लिहू नकोस. लिहिणार नाही म्हणून लिहून दिलंयस, ते पाळ. मी लिहीन तोवर मी आहे, असं समज. सौ.स आशीर्वाद. मनीला सांग, ते बाळ आता हसायला लागलंय.

माया आहे तिथेच राहू दे, तिला कोणाच्या सहीची गरज नाही. इथेच थांबते. मागच्या दारावर थाप पडली आहे, आणि कडी काढायची पाळी माझी आहे.

तुझी,
आक्का